ऑलिव्ह छटेच्या त्वचेला शोभणारे मेकअपचे रंग: लाली कुठे ठेवावी आणि कुठे ठेवू नये

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमचा रंग गव्हाळ आहे, डिसेंबरमध्ये पुण्यात लग्न आहे, आणि आजवर 'वॉर्म' (सोनेरी-पिवळसरकडे झुकलेले) म्हणून घेतलेले प्रत्येक फाउंडेशन दुपारपर्यंत नारिंगी दिसू लागते, तर 'कूल' (गुलाबीकडे झुकलेले) किंवा 'न्यूट्रल' (दोन्हींच्या मधले) म्हणून घेतलेले चेहऱ्यावर गुलाबी-राखाडी थरासारखे वेगळे उठून दिसते. मनगटावरच्या शिरा हिरव्या म्हणाव्यात की निळ्या हे ठरत नाही, सोने आणि चांदी दोन्ही शोभतात, आणि तुमचा अंडरटोन, म्हणजे त्वचेची मूळ छटा, ऑलिव्ह (किंचित हिरवट) असावा असे कोणीतरी सांगितले आहे. आता फाउंडेशनपासून लिपस्टिकपर्यंतचे रंग निवडायचे कसे, हे तुम्हाला हवे आहे.

तुमच्या वर्णनावरून छटा ऑलिव्ह असण्याची शक्यता बरीच आहे. पुण्यात नववधूंचा मेकअप करताना ही छटा मला वारंवार दिसते, आणि बहुतेक मुलींची अडचण अगदी तुमच्यासारखीच असते. माझे सांगणे असे की, त्वचेतला हिरवटपणा फाउंडेशनने घालवण्याचा प्रयत्न करू नये. तो तसाच राहू द्यावा, आणि चेहऱ्याला जी लाली हवी असते ती गाल आणि ओठ या दोनच ठिकाणी विचारपूर्वक आणावी. पुढचे सगळे तपशील याच एका गोष्टीवर उभे आहेत.

प्रथम ही छटा म्हणजे काय ते पाहू. त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन, रक्तातील हिमोग्लोबिन आणि कॅरोटीन यांच्या एकत्रित परिणामाने दिसतो. ज्या त्वचेत रक्ताची लाली वरून फारशी जाणवत नाही आणि पिवळसरपणा मात्र तपकिरी-राखाडी सावलीसह दिसतो, ती त्वचा डोळ्याला किंचित हिरवट भासते. रंगकामात पिवळ्यात थोडा काळा मिसळला की हिरवट रंग तयार होतो, तसाच हा प्रकार आहे. गोरी, गव्हाळ, सावळी हे आपले नेहमीचे शब्द रंग किती गडद आहे ते सांगतात. ऑलिव्ह छटा मात्र या तिन्हींत आढळते, त्यामुळे 'ऑलिव्ह म्हणजे मध्यम गव्हाळ' हा समज मनातून काढून टाकावा. त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली मांडलेल्या आणि पुढे विस्तारलेल्या वर्गवारीतील चौथ्या प्रकाराला पुष्कळ ठिकाणी ऑलिव्ह म्हटले जाते, त्यातूनही गोंधळ वाढतो. ती वर्गवारी त्वचा उन्हात किती भाजते आणि किती काळवंडते यासाठी आहे, लिपस्टिक निवडण्यासाठी नव्हे.

ही छटा जन्मापासूनची असते, हेही लक्षात ठेवा. अलीकडेच त्वचा पिवळट दिसू लागली असेल आणि डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा वाटत असेल, तर मेकअपचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटावे.

मनगटावरच्या शिरांच्या रंगावरून छटा ठरवण्याची चाचणी मी वापरत नाही. शीर किती खोल आहे आणि वरची त्वचा किती गडद आहे यावर तिचा रंग बदलतो, आणि सोन्या-चांदीच्या चाचणीत तर आवडीनिवडीचा भाग अधिक असतो. त्याऐवजी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, थेट ऊन येत नसलेल्या खिडकीपाशी, चेहरा धुऊन आणि केस मागे बांधून बसा आणि मानेजवळ पांढराशुभ्र कागद धरा. त्याच गडदपणाच्या बहिणीला किंवा मैत्रिणीला शेजारी बसवता आले तर फारच चांगले, कारण छटा एकट्या चेहऱ्यावर दिसत नाही, शेजारी दुसरा चेहरा आला की लगेच दिसते. कागदाशेजारी तुमची त्वचा गुलाबी किंवा सोनेरी न दिसता शेवाळी-राखाडीकडे झुकलेली दिसली आणि फिक्या गुलाबी रंगाचा कपडा जवळ धरल्यावर चेहरा थकल्यासारखा वाटला, तर शंका उरत नाही.

तपासणी जबड्याच्या रेषेवर आणि मानेवर करावी, हाताच्या पाठीवर नाही. आपल्याकडे बहुतेक मुली दुचाकीवरून जाताना चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळतात, त्यामुळे गाल आणि हनुवटी झाकलेली राहतात, आणि डोळ्यांभोवतीची पट्टी, कपाळाचा थोडा भाग आणि हात उन्हाने काळवंडतात. हातावर जुळवलेले फाउंडेशन मग गालावर एक-दोन शेड गडद पडते, आणि कपाळावर जुळवलेले मानेपेक्षा वेगळे दिसते. लग्नात पाठीमागून खोल गळ्याचे ब्लाउज असते आणि खोपा घातल्यामुळे मान पूर्ण उघडी राहते, तेव्हा मान आणि छातीचा वरचा भाग यांच्याशी जुळणारा रंगच खरा धरावा.

आता फाउंडेशन. जवळजवळ प्रत्येक फाउंडेशनचा रंग चार रंगद्रव्यांपासून तयार होतो: पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड, आणि लोहाची पिवळी, तांबडी व काळी ऑक्साइडे. गव्हाळ किंवा सावळ्या शेडमध्ये उत्पादक तांबड्याचे प्रमाण अधिक ठेवतात, म्हणून तुमच्या गडदपणाची शेड मिळाली तरी ती नारिंगीकडे जाते. गुलाबीकडे झुकलेल्या शेडमध्ये पिवळे कमी असल्यामुळे ती तुमच्या त्वचेवर राखाडी दिसते. त्यामुळे 'वॉर्म की कूल' या प्रश्नाचे कोणतेही उत्तर तुमच्या कामाचे ठरत नाही. तुम्हाला ज्यात तांबडे कमी आहे अशी शेड हवी. शेडच्या नावांवरही विसंबू नये. उदाहरणार्थ, मॅक या ब्रँडच्या संकेतपद्धतीत 'एन.सी.' शेड सोनेरी-पिवळसर त्वचेसाठी आणि 'एन.डब्ल्यू.' शेड गुलाबीकडे झुकणाऱ्या त्वचेसाठी असतात, म्हणजे अक्षरांवरून ('सी' म्हणजे कूल, 'डब्ल्यू' म्हणजे वॉर्म) जो अंदाज बांधावा त्याच्या नेमके उलट. ऑलिव्ह त्वचेसाठी साधारणपणे 'एन.सी.' बाजूने सुरुवात करावी लागते, पण तीही पुष्कळदा अधिक सोनेरी पडते.

बाजारात नावानिशी ऑलिव्ह शेड अजून मोजक्याच मिळतात, म्हणून मिसळून रंग तयार करण्याची पद्धत शिकून घेणे हाच भरवशाचा उपाय आहे. फाउंडेशनमध्ये मिसळण्यासाठी निळा आणि हिरवा मिक्सर मिळतो. डब्यावरील घटकांच्या यादीत निळ्यासाठी अल्ट्रामरीन म्हणजे सी.आय. ७७००७ आणि हिरव्यासाठी क्रोमियम ऑक्साइड म्हणजे सी.आय. ७७२८८ हे क्रमांक अनेकदा दिसतात. फाउंडेशन पिवळे-सोनेरी किंवा नारिंगी पडत असेल तर निळा वापरावा, कारण निळा नारिंगीपणा दाबतो आणि पिवळ्याशी मिळून हवा तो हिरवटपणा आणतो. फाउंडेशन गुलाबी पडत असेल तर निळ्याने ते जांभळट होईल, तिथे हिरवा मिक्सर लागतो.

हे काम मी स्टीलच्या पॅलेटवर, खिडकीपाशी करते. फाउंडेशनचे दोन पंप घ्यावेत आणि स्पॅच्युलाच्या टोकावर मोहरीएवढा निळा उचलून त्यातला निम्माच आधी मिसळावा. पहिल्या फेरीत फरक पडला नाही असे वाटते, पण तो ठिपका जबड्यावर लावून जुन्या शेडच्या शेजारी पाहिला की नारिंगीपणा उतरलेला दिसतो. उरलेला निम्मा घातल्यावर बहुतेक गव्हाळ त्वचांना रंग जुळतो आणि ठिपक्याची कडा त्वचेत हरवते. कडा दिसेनाशी होणे हीच खूण मानावी. त्यानंतरही निळा घालत गेलात तर रंग गडद आणि मातकट होईल. निळ्यामुळे शेड थोडी गडद होतेच, म्हणून मूळ फाउंडेशन अर्ध्या शेडने उजळ घेतलेले बरे. मिक्सर आणि फाउंडेशन एकाच प्रकारचे, म्हणजे दोन्ही सिलिकॉनवर आधारलेले किंवा दोन्ही पाण्यावर आधारलेले असावेत, नाहीतर मिश्रण फाटते आणि चेहऱ्यावर ठिपके उठतात. अल्ट्रामरीनला अमेरिकेच्या नियमांत ओठांवरील वापरासाठी मंजुरी नाही, त्यामुळे हा मिक्सर लिपस्टिकचा रंग बदलण्यासाठी वापरू नये.

तुम्ही लिहिलेला 'दुपारपर्यंत नारिंगी' हा अनुभव केवळ चुकीच्या शेडचा नाही. फाउंडेशनमधील उडून जाणारा द्रव सुकला आणि त्वचेचे तेल त्यात मिसळले की रंगद्रव्ये अधिक गडद दिसू लागतात, आणि तांबडे मुळातच जास्त असेल तर ते अधिकच उठून येते. म्हणून ठिपका लावून निदान पाऊण तास थांबावे, एक फेरफटका मारून यावा आणि मग पुन्हा उजेडात पाहावे. दुकानात लगेच पसंत केलेली शेड घरी वेगळी दिसते, त्याचे मोठे कारण हेच.

लग्नाच्या संदर्भात आणखी एक सावधगिरी सांगणे मला फार गरजेचे वाटते. फाउंडेशन जुळवण्याचे काम हळद लागण्याआधी पूर्ण करून ठेवा. हळदीतील कर्क्युमिन त्वचेच्या वरच्या थराला पिवळे करते आणि साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाशी संबंध आला की लालसर होते. हळद आणि चुन्यापासून कुंकू होते ते याच गुणामुळे. हळदीच्या दुसऱ्या दिवशी चेहरा नेहमीपेक्षा पिवळा असतो, आणि त्या चेहऱ्याशी जुळवलेली शेड मानेवर किंवा हातांवर खरी ठरत नाही. चेहऱ्याला हळद नावापुरती बोटाने लावावी आणि नंतर साबणाऐवजी दूध-बेसनाने किंवा सौम्य क्लिन्झरने काढावी, एवढे मी प्रत्येक वधूच्या आईला आवर्जून सांगते.

पाया, म्हणजे फाउंडेशन, जुळला की चेहरा एकसारखा दिसतो, पण थोडा निर्जीवही वाटतो, आणि इथेच पुष्कळ जणी घाबरून पुन्हा गुलाबी फाउंडेशनकडे वळतात. तसे करू नका, कारण आता ब्लशचे, म्हणजे गालांना लाली आणणाऱ्या रंगाचे, काम सुरू होते. ऑलिव्ह त्वचेला ब्लशची गरज इतर कोणत्याही छटेपेक्षा जास्त असते, कारण तिची स्वतःची लाली वर दिसत नाही. रंग निवडताना तो उष्ण आहे की थंड यापेक्षा त्यात पांढरे किती मिसळले आहे ते पाहा. पांढऱ्याचे प्रमाण अधिक असलेले फिके बेबी पिंक, फिका पीच, फिका लव्हेंडर हे रंग हिरवट त्वचेवर खडूसारखे दिसतात. विटकरी, गेरूसारखा तांबूस, मळलेला गुलाबी, डाळिंबी आणि गडद त्वचेवर आमसुली हे रंग आत मुरल्यासारखे बसतात. अबोली रंग सुंदर असतो, पण तो गडद आणि थोडा तपकिरी असेल तरच चालतो. कांडीवर किंवा डबीत रंग भडक दिसतो म्हणून नाकारू नये. बोटाच्या टोकाने थोडा घेऊन गालाच्या उंचवट्यावर थापटून बसवला की तो निम्म्याहून अधिक शांत होतो.

लिपस्टिकमध्ये सर्वाधिक फसगत 'न्यूड', म्हणजे ओठांच्या नैसर्गिक रंगाजवळच्या, रंगांत होते. बेजकडे झुकलेले फिके न्यूड तुमच्या ओठांना लावले की ओठ चेहऱ्यात विरून जातात आणि भोवतालची त्वचा अधिक पिवळट-हिरवट दिसते. तुमच्यासाठी न्यूड म्हणजे तुमच्या स्वतःच्या ओठांच्या रंगापेक्षा अर्धी-एक शेड गडद असलेला तपकिरी-गुलाबी. रंग हाताच्या पाठीवर न पाहता बोटाच्या टोकावर पाहा, कारण बोटांची टोके लालसर असल्यामुळे ओठांच्या रंगाला जवळची असतात. लाल रंगात दोन दिशा शोभतात: एक विटकरी लाल आणि दुसरी किंचित निळसर असलेला गडद लाल. झगझगीत शेंदरी लाल मात्र हिरवटपणाला डिवचतो. वाइन, आमसुली, डाळिंबी, वांगी हे गडद रंग ऑलिव्ह त्वचेचे खरे सामर्थ्य आहेत, आणि पुण्यातल्या मुली ते 'फार गडद होईल' म्हणून टाळतात याचे मला वाईट वाटते. जास्त टिकणाऱ्या काही लिपस्टिकमध्ये ओठांवर डाग धरणारे रंग असतात आणि वरचा थर उतरल्यावर ते गुलाबी-राणी होतात. तसे होत असेल तर मुहूर्ताच्या वेळी एक आणि पंगतीच्या वेळी दुसराच रंग दिसेल, म्हणून लिपस्टिक लावून एकदा पूर्ण जेवण करून पाहा.

साडीचा विचार लिपस्टिकसोबतच करावा लागतो, आणि त्यामागे जुने शास्त्र आहे. पॅरिसच्या गोबेलँ या भिंतीवर टांगायची चित्रवस्त्रे (टॅपेस्ट्री) विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल-युजेन शेव्रल यांच्यापुढे तक्रार आली होती की काही धाग्यांचे रंग फिके दिसतात. रंग चांगलाच होता, शेजारचा धागा त्याला बिघडवत होता. १८३९ साली त्यांनी शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना कसे बदलतात याचे नियम मांडले, आणि ते आपल्या पैठणीला तितकेच लागू पडतात. राणी किंवा गुलाबी रंगाची पैठणी चेहऱ्याच्या शेजारी आली की तुमची त्वचा आहे त्याहून हिरवट भासते, आणि गर्द हिरव्या शालूशेजारी तीच त्वचा लालसर, ताजी दिसते. म्हणून राणी पैठणी नेसणार असाल तर ब्लश नेहमीपेक्षा थोडा अधिक आणि ओठांवर त्याच घराण्यातला पण गडद, म्हणजे वाइन किंवा डाळिंबी रंग ठेवावा. साडीला जुळवून लावलेली झगझगीत राणी लिपस्टिक तुमच्या चेहऱ्याला साथ देणार नाही. विधींच्या वेळच्या पिवळ्या अष्टपुत्री साडीबरोबर विटकरी-लाल ओठ उत्तम दिसतात. त्या साडीचा पिवळा उजेड हनुवटीखाली पडतो, तेव्हा मानेवरची शेड तिथे एकदा पाहून घ्यावी. हिरवा चुडा, सोन्याची नथ आणि मोत्यांच्या मुंडावळ्या या तिन्ही गोष्टी ऑलिव्ह त्वचेवर फार खुलतात, त्यांच्यासाठी वेगळी तडजोड करावी लागत नाही.

डोळ्यांच्या बाबतीत तुम्हाला मोकळीक आहे. ब्राँझ, जुने सोने, तांबे, गडद शेवाळी, मोरपंखी आणि वांगी हे सगळे रंग चालतात. अडचण फक्त पापणीच्या घडीत लावायच्या मधल्या तपकिरी रंगाची येते, कारण बाजारातले बहुतेक तपकिरी रंग तुमच्या त्वचेवर तांबडे दिसतात आणि डोळे रडल्यासारखे वाटतात. राखाडीकडे झुकलेला तपकिरी रंग निवडा, मात्र शुद्ध थंड राखाडी नको. भुवयांसाठीही तांबूस नसलेला गडद तपकिरी घ्यावा.

डोळ्यांखालच्या तपकिरी काळेपणासाठी पीच किंवा नारिंगी करेक्टर (काळेपणा दाबणारा रंग) लागतो, पण तो फक्त काळेपणावर आणि अगदी पातळ लावावा. त्याच्या सीमेबाहेर गेलेला नारिंगी ऑलिव्ह त्वचेवर चटकन दिसतो. त्यावरचा कन्सीलरही (डाग झाकणारा दाट रंग) फाउंडेशनप्रमाणे एका कणभर निळ्याने सुधारावा लागतो. ब्राँझर (चेहऱ्याला ऊब देणारा तपकिरी रंग) आणि कंटूर (सावली देणारा रंग) यांतही तांबडे नको. हायलायटर (उंचवट्यांना चमक देणारा रंग) शॅम्पेन किंवा फिक्या सोनेरी रंगाचा घ्यावा, चंदेरी-गुलाबी नको. पांढरी सेटिंग पावडर जपून वापरावी, कारण ती हिरवट त्वचेला राखेसारखी करते आणि सिलिका किंवा टायटॅनियम डायऑक्साइड अधिक असलेली पावडर फ्लॅशच्या फोटोत पांढरी चमकते.

मेकअपची ट्रायल घेताना मंगल कार्यालयातल्या उजेडाची आठवण ठेवा. पुष्कळ हॉलमध्ये पिवळे दिवे असतात, आणि त्यांत ऑलिव्ह त्वचा उजळ सोनेरी दिसते व ब्लश निम्मा नाहीसा होतो. सकाळच्या मुहूर्ताला मंडप उघडा असेल तर तोच ब्लश पूर्ण दिसेल. गोरज मुहूर्त असेल तर संध्याकाळच्या दिव्यांत पाहून ब्लश आणि ओठ थोडे गडद करावेत, पाया मात्र बदलू नये. ट्रायलच्या दिवशी खिडकीपाशी, घरातल्या दिव्याखाली आणि फ्लॅश लावून असे तीन फोटो काढा, आणि फोनचे सौंदर्य वाढवणारे फिल्टर आधी बंद करा.

खर्चाला मर्यादा असेल तर खरेदीचा क्रम असा ठेवा. तुमच्याकडे असलेले सोनेरी फाउंडेशन टाकून देऊ नका, आधी फक्त निळा मिक्सर घ्या आणि तेच सुधारून पाहा. पुष्कळ जणींना नवीन बाटली लागतच नाही. त्यानंतर विटकरी-गुलाबी रंगाची मऊ, क्रीमसारखी लिपस्टिक घ्या, जी गालांवरही थापटता येईल. लिपस्टिक गालांवर चालते, पण प्रत्येक ब्लश ओठांसाठी योग्य असतोच असे नाही, म्हणून हा क्रम उलटा करू नये. तिसरी वस्तू म्हणजे पैठणीसाठी वाइन किंवा डाळिंबी लिपस्टिक, आणि चौथी ब्राँझ रंगाची डोळ्यांची पेन्सिल. काजळ तुमचे नेहमीचेच चालेल.